उरलं किती ते सांगा

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे निघालेल्या माणसांनी सकाळपासून रस्ते भरलेत. वाचनालयाला सुट्टी, तरी कार्यवाहांनी कुलूप उघडून मला बोलावून घेतलं. संगणकातली जागा संपत आलीय. त्यांच्या हातात एका विक्रेत्याचं गुळगुळीत माहितीपत्रक: आमची प्रणाली घ्या, फायली नव्वद टक्क्यांनी लहान होतील. वर्षाची वर्गणी मात्र लहान नाही.

‘‘सर, कॉलेजात तुम्ही हेच शिकवता. हे नव्वद खरे की थापा, तेवढं बघा. पुढच्या सभेत मला एक आकडा सांगायचाय.’’

कार्यवाह जन्मभर बँकेत होते. आकडा दिसला की त्यांना आधी ताळेबंद दिसतो. मी विचारलं, नव्वद टक्के कशाचे? कोणत्या फायलीचे? ‘‘ते तुम्हीच ठरवा,’’ म्हणाले आणि चावी माझ्याकडे दिली.

साठा तीन प्रकारचा आहे. पहिला, पुस्तकांची सूची: नाव, लेखक, प्रकाशक, साल, दाखल क्रमांक. दुसरा, वार्षिक अहवाल आणि सभांची इतिवृत्तं. आधी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, अलीकडे युनिकोडमध्ये आणलेली. तिसरा, जुन्या सभासद-नोंदवह्या आणि दुर्मीळ मासिकं यांचे स्कॅन. जागा खातो तो हा तिसरा ढीग; पहिले दोन त्याच्या कोपऱ्यात मावतील.

८ जुलै, मंगळवार

मोजण्याआधी माप ठरवायला हवं. शंभर केबीची फाइल पंचवीस केबीची झाली, तर कोणी म्हणतं चारास एक, कोणी म्हणतं पंच्याहत्तर टक्के वाचले, कोणी म्हणतं पंचवीस टक्के उरले. तिन्ही खरंच. विकणारा नेहमी ‘वाचले’ सांगतो, कारण तो आकडा मोठा दिसतो.

‘वाचले’च्या मापात एक खोट आहे. वीसवरून पंचवीस टक्के बचत झाली, तर शंभरातले ऐंशी होते त्यांचे पंच्याहत्तर झाले, फरक किरकोळ. नव्वदवरून पंच्याण्णव झाली, तर दहाचे पाच झाले, म्हणजे फाइल निम्मी झाली. दोन्हीकडे वाढ पाचच टक्क्यांची. वरच्या टोकाला हे माप आखडतं, आणि दोन साधनांतला खरा फरक नेमका तिथेच असतो. ‘उरले’चा रकाना असला की ही लपवाछपवी चालत नाही.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. कॉलेज लवकर सुटलं. प्रयोगासाठी सगळ्यांत छोटी फाइल घेतली: स्टेशनच्या पाटीवरचं नाव, ‘शीव’, बस. पुढे मोकळी जागा नाही, ओळ मोडलेली नाही.

युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतात ही फाइल नऊ बाइटची. आतले आकडे असे: श म्हणजे २२४, १६४, १८२. दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८. व म्हणजे २२४, १६४, १८१. जीझिप या फाइल दाबणाऱ्या साधनातून काढल्यावर नवाचे झाले तीस.

यात बिघाड काही नाही. जीझिप प्रत्येक फाइलला दहा बाइटचं डोकं आणि आठ बाइटची शेपटी लावतं; शेपटीत मूळ फाइलची लांबी आणि तपासणीचा अंक असतो. रिकामी फाइल दिली तरी वीस बाइट होतात. आपल्या नऊ बाइटांत पुन्हा येणारं काही तीन बाइट लांबीचं सलग नाही, म्हणून मधल्या भागातही कमाई शून्य, उलट तीन बाइट वर.

मापाच्या बाबतीत यातून एवढं निघतं: लहान फायलींवर कॉम्प्रेशन जोखू नये. इतिवृत्तांच्या सुट्या सुट्या फायली एकेक करून झिप करण्यापेक्षा आधी त्यांचं एक बोचकं बांधावं, मग दाबावं. शिवाय डिस्क जागा देते ती ठोकळ्यांनी, बहुधा ४०९६ बाइटच्या. दोन हजार बाइटची फाइल पाचशेची झाली तरी व्यापलेला ठोकळा एकच. वाचल्याचा आकडा दिसतो, डिस्कवर जागा तेवढीच राहते.

१३ जुलै, रविवार

आज मुख्य गोष्ट हाती लागली.

अहवालांच्या जुन्या श्रीलिपी-फायली अजून ठेवलेल्या आहेत. त्यांत बहुतेक खुणांना एकेक बाइट. तोच मजकूर युनिकोडमध्ये आणला की प्रत्येक देवनागरी खुणेला यूटीएफ-८ तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षराला, अंतराला, स्वल्पविरामाला मात्र एकच. म्हणजे मजकुरात कानामात्रेचा फरक नाही आणि फाइल फुगून जवळजवळ तिप्पट. ही फुगलेली फाइल झिपला दिली की ती झर्रकन खाली येते, आणि बचतीचा आकडा बघून ऊर भरून येतो.

कागदावर सोयीचे आकडे घेऊन मांडतो. एक लाख खुणांचा मजकूर धरू. एकबाइटी संकेतात तो एक लाख बाइटचा. भारतीय मानक ब्यूरोचा १९९१ चा इस्की संकेत असाच एकबाइटी होता. यूटीएफ-१६ मध्ये दोन लाख. यूटीएफ-८ मध्ये, अंतरं सोडली तर, तीन लाख. एखाद्या चांगल्या साधनाने तिन्ही दाबून साठ हजारांवर आणले असं समजू. मग बचत किती? पहिल्यात चाळीस टक्के, दुसऱ्यात सत्तर, तिसऱ्यात ऐंशी. साधन तेच, मजकूर तोच, हाती उरलेले बाइट तेवढेच. फरक आहे तो फक्त मूळ फाइल किती सैल होती याचा.

म्हणजे ‘ऐंशी टक्के’ हा साधनाचा पराक्रम नव्हेच. त्यातला मोठा वाटा साठवणीतल्या सैलपणाचा. मराठी मजकुरावर इंग्रजीपेक्षा जास्त टक्के मिळतात म्हणून हुरळण्यात अर्थ नाही. देवनागरीच्या तीनांतले पहिले दोन बाइट जवळपास ठरलेले: पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. खरी माहिती तिसऱ्यात. पहिले दोन गाळले याचं बक्षीस कोणालाही मिळेल.

माप बदलायचं ठरवलं. किती गेलं ते नाही, किती उरलं ते. आणि तेही मूळ फाइलच्या तुलनेत नाही, मजकुराच्या तुलनेत. दर युनिकोड खुणेमागे किती बिट उरले. वरच्या उदाहरणात तिन्हीकडे ४.८ बिट. संकेत कुठलाही घ्या, उत्तर हलत नाही.

खूण म्हणजे काय तेही लिहून ठेवायला हवं. वाचणाऱ्याला ‘क्ष’ एक अक्षर. युनिकोडला क, हलन्त आणि ष अशा तीन खुणा, नऊ बाइट.

१९ जुलै, शनिवार

फळ्यावर जीझिपच्या आतली डिफ्लेट पद्धत शिकवताना नेहमी इंग्रजी उदाहरण देतो. आज मराठी दिलं आणि वर्ग जागा झाला.

१९७७ साली अब्राहम लेम्पेल आणि याकोव्ह झिव्ह यांनी मांडलेली युक्ती सोपी आहे: एखादी ओळ पूर्वी येऊन गेली असेल तर ती पुन्हा लिहू नका, ‘इतकं मागे जा, इतके बाइट उचला’ एवढंच सांगा. मागे किती जाता येतं याला डिफ्लेटमध्ये मर्यादा आहे, ३२ हजार ७६८ बाइट. इंग्रजीत ती तितक्याच अक्षरांची खिडकी. मराठीत तीनाने भागा: जेमतेम अकरा हजार खुणा. एका उचलीत जास्तीत जास्त २५८ बाइट घेता येतात. म्हणजे मराठीच्या शह्याऐंशी खुणा. म्हणजे आपल्या मजकुरासाठी जीझिपची स्मरणशक्ती एक तृतीयांश.

आणखी एक गंमत. ‘सर्वानुमते मंजूर करण्यात’ इथपर्यंत दोन ठिकाणी सारखं आहे आणि पुढचं अक्षर वेगळं आहे असं समजा. उचल तिथे थांबत नाही. पुढच्या अक्षराचा २२४ आणि बहुधा १६४ देखील सारखाच, म्हणून ती आणखी दोन बाइट आत घुसते आणि अक्षराच्या पोटात मोडते. मग तिसरा बाइट सुटा लिहावा लागतो. जीझिपला अक्षर दिसतच नाही, बाइट दिसतात.

उचलींना आणि उरलेल्या सुट्या बाइटांना हफमन कोड लागतो: वारंवार येणाऱ्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. डेव्हिड हफमनने हे एमआयटीत विद्यार्थी असताना, परीक्षेऐवजी निबंध लिहायची मुभा होती म्हणून शोधलं. छापून आलं १९५२ साली. वर्गातून लगेच विचारणा: ‘‘सर, आम्हाला अशी मुभा?’’ शोधून आणा, मग बोलू.

२४ जुलै, गुरुवार

भाचा राहायला आलाय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘‘मामा, टेराबाइटची डिस्क लावून मोकळा हो ना. कसले बिट मोजत बसलायस?’’

त्याला कामाला लावलं. एका अहवालातली ओळ झाकून धरली आणि एकेक खूण उघडत गेलो; पुढची कोणती ते त्याने सांगायचं. पहिल्या शब्दाला चाचपडला. ‘महानगरपा’ दिसल्यावर ‘लिका’ त्याने न बघता म्हटलं. हलन्त दिसला की पुढे बहुधा व्यंजनच. मात्रा दिसली की पुढे दुसरी मात्रा नाही, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. अडला तो नव्या शब्दाच्या आरंभी, आणि आडनावांवर.

क्लॉड शॅनन यांनी १९५१ च्या निबंधात नेमका असाच अंदाजाचा प्रयोग इंग्रजीवर केला होता. त्यावरून त्यांनी काढलं की छापील इंग्रजीत एका अक्षरामागे खरी नवी माहिती सुमारे ०.६ ते १.३ बिट एवढीच. बाकी सगळं आधीच्यावरून ओळखता येतं. जे ओळखता येतं ते साठवायची गरज नाही. जिथे भाचा अडतो तेवढ्याचेच पैसे मोजायचे.

साधनं या रेषेच्या किती जवळ जातात ते इंग्रजीवर नीट मोजलेलं आहे. इंग्रजी विकिपीडियाचे २००६ सालचे पहिले दहा कोटी बाइट ही सगळ्यांची सामाईक कसोटी. जीझिप ते सुमारे ३ कोटी ६४ लाखांवर आणतं, बीझिप-२ सुमारे २ कोटी ९० लाखांवर, एक्सझेड २ कोटी ४८ लाखांच्या आसपास. मार्कुस हटर यांनी २००६ साली या फाइलवर बक्षीस लावलं; २०१७ पर्यंत ती जवळपास दीड कोटीपर्यंत दाबली गेली. बाइटमागे बिटांत मांडलं तर साधारण २.९, २.३, २.० आणि १.२. टक्क्यांत मांडलं तर चौसष्ट, एकाहत्तर, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी. वाटतं सगळे आसपासच आहेत. पण पहिल्याला जिथे दोन डिस्क लागतील तिथे शेवटच्याला एकही पुरी लागणार नाही.

हटर यांच्या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो: फाइल उलगडणाऱ्या प्रोग्रामचा आकारही मोजायचा. नाहीतर सगळा मजकूर प्रोग्राममध्येच दडवून ‘माझी फाइल एका बाइटची’ म्हणता येईल. आजोबा पत्रात नुसतं ‘सा. न. वि. वि.’ लिहीत आणि समोरचा पूर्ण नमस्कार वाचत असे, कारण उलगडा दोघांनाही पाठ होता. तो पाठ नसलेल्या आजच्या पोराला ती चार अक्षरं पोचत नाहीत. उलगड्याची किंमत कुणीतरी कधीतरी भरलेली असते. हिशेबात ती धरायला हवी.

२७ जुलै, रविवार

सूचीवर बसलो. ही फाइल दाबायला फार लाघवी. ‘मौज प्रकाशन, मुंबई’, ‘पॉप्युलर प्रकाशन, मुंबई’, ‘कॉन्टिनेन्टल प्रकाशन, पुणे’ पानोपानी.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘‘सर, दाखल क्रमांकाने लावलीय ती लेखकवार लावू का? मलाही शोधायला बरी.’’ लावली, आणि जीझिपची फाइल आणखी उतरली. मजकूर तोच, ओळीही त्याच. फक्त सारख्या ओळी शेजारी आल्या, अकरा हजार खुणांच्या खिडकीत एकत्र सापडल्या. एक्सझेडला मात्र या फेरफाराने फारसा फरक पडला नाही. त्याची नेहमीची खिडकी आठ एमबीची, आमची सूची कशीही लावा, तिच्यात आरामात बसते.

म्हणजे ‘जीझिपपेक्षा एक्सझेड इतकं सरस’ असं नुसतं म्हणता येत नाही. कोणत्या क्रमाने लावलेल्या फाइलवर, तेही सांगावं लागतं.

३ ऑगस्ट, रविवार

विक्रेत्याचा तरुण आला. शीवचा पूल पाडायला घेतल्यापासून पश्चिमेकडून यायचं म्हणजे वळसा, त्यामुळे उशीर झाला, त्याला पाणी दिलं. मुलगा नम्र होता. स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःची नमुना फाइल उघडली आणि बटण दाबताच ९८ टक्के.

फाइल उघडून दाखवायला सांगितलं. बहुतेक रकाने रिकामे, हजारो ओळींत तीच तारीख. अशा फाइलवर कोणीही राजा. एकच अक्षर लाखो वेळा लिहिलेली फाइल दिली तर जुनं डिफ्लेटही हजारपटीहून थोडं अधिक, १०३२ पटीपर्यंत दाबतं; २५८ बाइट दोन बिटांत.

‘‘आमचं कोणत्याही फाइलवर चालतं, सर.’’

कागद घेतला. तीन बिटांच्या वेगवेगळ्या फायली आठ. तीनहून कमी बिटांच्या सगळ्या मिळून किती? दोन बिटांच्या चार, एकाच्या दोन, आणि रिकामी एक: सात. आठ जणांना सात खुर्च्या. प्रत्येक फाइल लहान झाली तर दोन फायली एकाच रूपात जातील, आणि उलगडताना कोणती कुठली ते कळणार नाही. तीन बिटांना खरं, ते तीन टेराबाइटनाही खरं. काही फायली लहान होतात कारण बाकीच्या होत नाहीत. पोराने कागदाचा फोटो काढून घेतला.

मग सरासरीचा मुद्दा. त्याच्या अहवालात प्रत्येक फाइलच्या बचतीचे टक्के काढून त्यांची सरासरी होती. समजा, दहा एमबीची एखादी सूची एक एमबी झाली, नव्वद टक्के. ९९० एमबीचे स्कॅन ९८० झाले, एक टक्का. सरासरी पंचेचाळीसच्या वर. आणि डिस्कवर? हजाराचे ९८१. दोन टक्केसुद्धा नाहीत. कार्यवाह इतका वेळ गप्प होते, इथे एकदम सरसावले: ‘‘हे आमच्या शाखेत कोणी केलं असतं तर मी खुलासा मागितला असता.’’

१० ऑगस्ट, रविवार

स्कॅन. जेपेगची फाइल झिप केली की जवळजवळ सगळी उरते, काही वाचत नाही. ती आधीच पिळून घेतलेली असते. आणि तिथे दाबण्याची किंमत मजकुरातून वसूल केलेली असते.

जेपेगच्या मुळाशी आहे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, १९७४ च्या जानेवारीत छापून आलेला. त्याचे तिघे कर्ते: नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. अहमद मूळचे बेंगळुरूचे. चित्राचे आठ बाय आठचे चौकोन करून त्यांतले सावकाश बदल आणि बारीक खडखडाट वेगळे करायचे. डोळ्याला न जाणवणारा खडखडाट टाकून द्यायचा. माणसाच्या फोटोला हे शोभतं. नोंदवहीतल्या शाईच्या अक्षराला नाही, कारण अक्षराची कड म्हणजेच तो खडखडाट.

पाहून खात्री केली. जुन्या नोंदवहीतलं एक पान जेपेगच्या खालच्या दर्जावर टाकलं आणि पडद्यावर मोठं केलं. वर्गणीच्या रकान्यातल्या इंग्रजी आठाच्या पोटातली पांढरी भोकं राखाडी झालेली, भोवती माशा बसल्यासारखे ठिपके. तो आठ आहे हे मला ठाऊक होतं म्हणून वाचता आलं. फाइल मात्र इतकी लहान की माहितीपत्रकावर छापावी.

याहून वाईटही घडू शकतं. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशांत आकडेच बदलत होते. सहाचा आठ होत होता, तोही स्वच्छ, सुबक. ती पद्धत पानावरचे सारखे दिसणारे ठसे ओळखून एकाचाच ठसा सगळीकडे वापरत होती, आणि कधीकधी भलत्यालाच सारखं समजत होती. धूसर आठ बघून माणूस शंका तरी घेतो. सुबक आठाबद्दल कोण विचारणार?

तेव्हा स्कॅनसाठी नियम: नोंदवह्यांची काळीपांढरी पानं फॅक्सच्या जमान्यातल्या ग्रुप ४ पद्धतीने, तिच्यात काळापांढरा ठिपका न् ठिपका परत मिळतो. मासिकांतल्या छायाचित्रांना जेपेग, वरच्या दर्जाचं. आणि हानी होणाऱ्या पद्धतींचे आकडे बिनहानीच्या आकड्यांशेजारी एका रकान्यात मांडायचेच नाहीत. ते दोन वेगळे व्यवहार आहेत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. शाळा-कॉलेजांना सुट्टी, गांधी मार्केटपाशी नेहमीप्रमाणे तळं. घरी बसून वेळ मोजला.

जीझिपला एक ते नऊ पायऱ्या. काही न सांगता चालवलं तर सहावी. सहाच्या पुढे वेळ वाढत जातो, आकार फारसा हलत नाही. एक्सझेड दाबताना सावकाश आणि मेमरीला भुकेलं. यान कोले यांचं झेडस्टँडर्ड, जे २०१६ साली फेसबुकने खुलं केलं, त्याला एकोणीसपर्यंत पायऱ्या आणि वर तीन जास्तीच्या. कोणत्याही पायरीने दाबा, उलगडायला मात्र झटपट. वाचनालयात एकदा दाबलेलं शंभरदा उघडलं जाणार. दाबताना रात्रभर लागली तरी चालेल. बाईंनी सभासदासमोर उघडताना ताटकळता कामा नये. म्हणून तक्त्यात उलगडण्याचा वेळ वेगळा, आणि तोही वाचनालयाच्या जुन्या संगणकावरचा, माझ्या घरच्या नव्या यंत्रावरचा नव्हे.

प्रत्येक फाइल उलगडून मूळ फाइलशी ताडली. एसएचए-२५६ चा ठसा आधी आणि नंतर. एका बिटाचा फरक असता तरी ठसा पार बदलला असता. ही पायरी गाळली तर बाकीच्या सगळ्या आकड्यांना काही किंमत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

ग्रंथपालबाईंची तक्रार: ‘‘वाऱ्यावरची वरात शोधलं की कधी सापडतं, कधी नाही.’’

कारण सापडलं. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त, य, काना: चार खुणा, बारा बाइट. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारी एक जोडखूण, य, काना: पाच खुणा, पंधरा बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. श्रीलिपीतून आणलेल्या मजकुरात एक तऱ्हा, नव्याने टाइप केलेल्यात दुसरी.

सगळीकडे एकच तऱ्हा केली तर शोध सुधारेल, फाइलही किंचित उतरेल. पण मग ते बिनहानी राहिलं का? बाइटांच्या हिशेबात नाही, ठसा बदलला. वाचकाच्या हिशेबात काहीच गेलं नाही. मी हा फेरफार कॉम्प्रेशनच्या खात्यात धरला नाही. आधी मजकूर साफ करायचा, साफ केलेल्यालाच मूळ म्हणायचं, आणि तिथून मोजायला लागायचं. साफसफाईची कमाई झिपच्या नावावर लावली, की पुन्हा तोच फुगवट्याचा खेळ.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीचे दिवस, किंग्ज सर्कलच्या मंडपाकडची गर्दी आमच्या गल्लीपर्यंत. कार्यवाहांना तक्ता दिला. एक आकडा मिळाला नाही म्हणून जरा खट्टू झाले. मग चष्मा पुसून नीट वाचायला लागले.

सूची, इतिवृत्तं, स्कॅन यांना वेगवेगळ्या ओळी. रकाने असे: साफ केलेल्या मजकुरात खुणा किती; दाबल्यावर बाइट किती उरले; खुणेमागे बिट किती; उलगडायला वेळ किती; ठसा जुळला का; आणि अहवालांच्या वर्षवार ओळींपुढे शेवटी आणखी एक रकाना. ‘वाचले टक्के’ असा रकाना नाही. शिफारस दोन ओळींची. मजकुरासाठी फुकट मिळणारं झेडस्टँडर्ड पुरेसं आहे, वर्गणीची प्रणाली नको. जागेची खरी अडचण स्कॅनची आहे, ती झिपने सुटणार नाही. भाच्याने सांगितलेली डिस्क घ्या, आणि एक नव्हे, दोन घ्या, दुसरी प्रत वाचनालयाबाहेर ठेवायला.

‘‘हा शेवटचा रकाना कसला?’’

झेडस्टँडर्डला एक जुनी फाइल आधार म्हणून देता येते. मग नव्या फाइलमध्ये तिच्याहून वेगळं जे आहे तेवढंच ते साठवतं. मी प्रत्येक वार्षिक अहवाल आदल्या वर्षीच्या अहवालाच्या आधाराने दाबला होता. उरतं ते देणग्यांचे आकडे, नव्या सभासदांची नावं, दिवंगतांची नावं, एखादी दुरुस्ती. प्रास्ताविक, आभार, ‘वाचनसंस्कृती’वरचा परिच्छेद सगळं आधाराच्या फाइलमध्ये जसंच्या तसं सापडतं.

‘‘म्हणजे आम्ही दरवर्षी नवं किती लिहितो, त्याचा हा आकडा?’’

‘‘साधारण तसंच.’’

त्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांच्या ओळींवरून बोट फिरवलं. ते अहवाल त्यांनीच लिहिलेले. ‘‘सर, बाकी सगळं उत्तम आहे. हा रकाना तेवढा सभेत नको.’’

रकाना ठेवलाय. यंदाचा अहवाल लिहायला त्यांना अजून महिनाभर आहे.